बेळगाव आणि बेळगावी एकाच कीबोर्डवर: इन्स्क्रिप्ट आणि बोलून टायपिंग, नऊ महिन्यांनंतर

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात माझा टायपिंगचा छोटा क्लास आहे. सात कॉम्प्युटर, कोपऱ्यात कापड टाकून ठेवलेली दोन गोदरेजची मशिनं आणि सध्याच्या बॅचला अकरा मुलं-मुली. गेल्या जूनपासून शिकवण्यात दोन बदल केले. मराठी आणि कन्नड दोन्ही इन्स्क्रिप्ट या एकाच कीबोर्डवर घेतलं, आणि फोनवर, कॉम्प्युटरवर बोलून टाइप करणं रीतसर धडा म्हणून लावलं. नऊ महिने झाले. आमच्या धंद्यातली दोन-तीन माणसं सारखी विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

आधीची अडचण सांगतो, नाहीतर हा खटाटोप कशासाठी ते कळणार नाही. आमच्याकडच्या मुलाला ऑफिसात बसायचं तर तीन भाषा लागतात. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत मेल आणि बिलं इंग्रजीत. तहसीलदारांकडे अर्ज, हेस्कॉमला, म्हणजे वीज कंपनीला, पत्र कन्नडमध्ये. सोसायटीची नोटीस, वकिलांचा मसुदा, देवस्थानच्या कमिटीचं इतिवृत्त मराठीत. मी इतकी वर्षं तिन्हीसाठी तीन कीबोर्ड शिकवत होतो. इंग्रजीचा नेहमीचा, कन्नडला नुडी या कन्नड सॉफ्टवेअरचा उच्चाराप्रमाणे बसवलेला, आणि मराठीला टायपरायटरवरून आलेला जुना. बोटं दोन, फार तर अडीच कीबोर्ड लक्षात ठेवतात. तिसरा आला की पहिला विसरायला लागतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. शिवाय जुन्या फॉन्टात केलेली मराठी फाइल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसत्या किड्या-मुंग्या.

इन्स्क्रिप्ट काही नवीन नाही. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्यानं १९८६ साली तो ठरवला, १९९१ च्या भारतीय मानकात तो आला, आणि विंडोजमध्ये फुकट मिळतो. तरी आम्ही तिकडे वळलो नव्हतो, कारण आम्हाला कुणी तो शिकवलाच नव्हता. त्याची गंमत अशी की सगळ्या भारतीय लिप्यांना कळा त्याच. के दाबला की मराठीत क, कन्नडमध्येही कच. शिफ्ट धरून के दाबला की दोन्हीकडे ख. स्वर बहुतेक डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर ‘कर्नाटक’ लिहिलं आणि कळा सांगितल्या: के, जे, डी, व्ही, ई, अवतरणचिन्हाची कळ, के. मग भाषा बदलून त्याच सात कळा पुन्हा दाबायला लावल्या. मराठीत रफार डोक्यावर चढला, कन्नडमध्ये तो अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसला. बोटांना काहीच वेगळं करावं लागलं नाही. वर्गात ‘हो की!’ झालं.

वेगाचं म्हणाल तर मराठीला माझ्या मुलांना सहा-सात आठवडे लागले, मिनिटाला पंचवीस शब्दांच्या आसपास यायला. त्यानंतर कन्नडला जेमतेम तीन आठवडे. पूर्वी कन्नड म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात असायची.

एक प्रसंग सांगायलाच हवा. सप्टेंबरात नंदगडकडून येणाऱ्या एका मुलीनं खाली मान घालून, म्हणजे कागदाकडे बघत, मराठीच्या तीन ओळी सटासट टाइप केल्या. वर बघते तर भाषा कन्नडवर राहिलेली. सगळं मराठी कन्नड अक्षरांत! जुन्या फॉन्टात असं झालं असतं तर कचरा मिळाला असता. इथं शेजारचा कन्नड माध्यमाचा मुलगा, ज्याला देवनागरी अडखळत वाचता येते, त्यानं त्या तीन ओळी घडाघडा वाचून दाखवल्या. सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस होती. वर्ग पाच मिनिटं हसत होता. मीही.

आता खटकलेलं. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए वेगळे. मराठीच्या मात्रेची कळ एस. कन्नडचा ऱ्हस्व ए झेडवर, जिथं मराठीत बोट कधी जातच नाही. आणि आमच्या जिल्ह्याचं कन्नड नाव सुरूच होतं ऱ्हस्व ए नं! त्यामुळं माझी निम्मी मुलं महिनाभर अर्जावर जिल्ह्याचं नावच चुकीचं लिहीत होती. बेळगाव लिहिताना एस, बेळगावी लिहिताना झेड. हे एकदा बोटात बसलं की बाकीचं कन्नड आपोआप सुधारतं. उलट बाजूनं, कन्नड मुलांना मराठीतला ‘दुसऱ्या’ जमत नाही. ते साधा र घेतात, मग ‘दुसर्या’ उमटतं, आचार्यसारखं. त्याला शिफ्ट आणि जे लागतो. प्रश्नचिन्हासाठी इंग्रजीत उडी मारावी लागते, हे मला आजही आवडत नाही. आणि स्टिकर! कीबोर्डवर मराठी अक्षरांचे स्टिकर लावायची चूक मी केली. मुलं बोटांऐवजी डोळ्यांनी टाइप करायला लागली, आणि दोन महिन्यांत आधी क, र, त हेच झिजले. लावू नका.

एक सावधगिरी: मुलाला सरकारी परीक्षेला बसायचं असेल तर ती कोणत्या कीबोर्डवर होते ते फॉर्म भरायच्या आधी विचारून घ्या. इन्स्क्रिप्ट शिकवून मोकळं होऊ नका.

बोलून टायपिंगबद्दल मी सुरुवातीला घाबरून होतो. वाटलं, आता क्लास बंद. पहिल्या दिवशी मुलंही खूश. दुसऱ्या दिवशी गर्लगुंजीचा एक जण वैतागून म्हणाला, “सर, मी बोलूलोय एक, हे लिहूलंय दुसरंच.” खरंच होतं. आमचं ‘करूलोय, जाऊलोय’ त्या यंत्राच्या कानावर कधी पडलेलंच नसावं. पुण्याच्या बातम्यांसारखं बोललं की बरं उमटतं. बिडी गावाची विडी होते. ‘२ एकर १३ गुंठे’ सांगितलं तर ‘२ एकर १३ कुंटे’. या चुका निदान दिसतात तरी, हसून दुरुस्त करता येतात.

न दिसणारी चूक वाईट. सोसायटीच्या नोटिशीचा सराव चालला होता. वाक्य होतं, ‘आपण मार्चचा हप्ता भरला नाही.’ मुलगा ‘भरला’वर क्षणभर थांबला, माइक बंद झाला, आणि कागदावर आलं, ‘आपण मार्चचा हप्ता भरला.’ शुद्धलेखनात एक चूक नाही. मराठीत ‘नाही’ शेवटी येतं, आणि माणूस श्वास घेतो तोही तिथंच. तेव्हापासून मी जुनी पद्धत परत आणली: दोघांनी ताळा करायचा. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं छापलेल्या प्रतीवर बोट फिरवायचं. टायपरायटरच्या काळात कार्बन लावून चार प्रती निघायच्या, चूक झाली तर चारही ठिकाणी खोडावी लागायची. त्यामुळं हा ताळा कुणी शिकवावा लागत नव्हता.

वेळही लावून बघितला. एक पानाचा अर्ज चांगलं टायपिंग येणाऱ्या मुलीनं बोलून घातला आणि हातानं सुधारला, तर नुसत्या टायपिंगच्या जवळजवळ निम्म्या वेळात झाला. टायपिंगचा कंटाळा करणाऱ्या मुलाला त्याच अर्जाला नुसत्या टायपिंगवाल्यांपेक्षाही जास्त वेळ लागला. बोलला भराभर, पण मग ‘ण’ कुठं आहे ते शोधत बसला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याला ‘ण’च्या जागी ‘न’ पडलाय हेच मुळात दिसलं नव्हतं. ज्यानं अक्षर अन् अक्षर बोटानं घडवलंय त्याच्याच नजरेला ते खुपतं, असं माझं मत झालंय. दुसऱ्या क्लासवाल्यांना पटेलच असं नाही.

आणखी एक, ज्याचा मी विचारच केला नव्हता. ओळखीच्या एका वकीलसाहेबांकडे मी दोन मुलींना सरावाला पाठवलं. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन. “सर, पोरी हुशार आहेत, पण पक्षकार बाहेर बाकड्यावर बसलेत आणि ह्या आत त्यांच्या वाटणीचा मसुदा मोठ्यानं वाचतायत!” बरोबर होतं त्यांचं. शॉर्टहँडचं डिक्टेशन केबिनचं दार लावून व्हायचं, आणि पुढचं सगळं मुकाट्यानं. आता नियम केलाय: नाव, रक्कम, सर्व्हे नंबर हातानंच टाइप करायचं, बाकीचा साचा हवा तर बोलून.

पत्राचा मसुदा आयता लिहून देणारी साधनंही मुलांनी आणली. इंग्रजीला चालतात. कन्नड अर्जाला भाषा इतकी पुस्तकी येते की काउंटरवरचा माणूस वर बघतो. त्यावर अजून मत बनवलेलं नाही.

एप्रिलच्या बॅचला पहिले सहा आठवडे फोन ड्रॉवरमध्ये, त्यानंतरच माइक. इन्स्क्रिप्ट राहणार. नुडी फक्त मागणाऱ्यांना. दोन कीबोर्डवरचे स्टिकर अजून खरवडून निघालेले नाहीत, रविवारी थिनर लावून बघतो.