चार झोनचा डक्टेबल एसी: मशीन चांगलं, आवाज डक्टचा

भिंतीवर पांढरे डबे नकोत म्हणून नव्या बंगल्यात पीओपीच्या आत लपणारा, मोठ्या नळ्यांमधून (डक्ट) खोल्याखोल्यांत हवा नेणारा डक्टेबल एसी घ्यायचा विचार असेल, तर आधी आवाजाचं बघा. इथे ज्या पॅकेजबद्दल लिहितोय ते असं: तीन टनांचा इन्व्हर्टर, उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात गरम करणारा, म्हणजे हीट पंप. हॉल, स्वयंपाकघर-डायनिंग, खालची बेडरूम आणि वरची बेडरूम असे चार झोन. प्रत्येक झोनच्या डक्टमध्ये मोटरवर उघडझाप करणारा डॅम्पर, म्हणजे हवेची झडप, आणि खोलीत थर्मोस्टॅट. मशीनला आमच्याकडून पाचपैकी चार तारे. झोनिंग ज्या पद्धतीने बसवून दिलं जातं, त्याला दोनच.

मराठवाड्यात या सिस्टिमची खरी परीक्षा मे महिन्यात रात्री अकरानंतर होते. दिवसभर बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत आत उष्णता सोडत राहतो. खालचे तिन्ही झोन गार होऊन बंद होतात, एकट्या वरच्या बेडरूमला अजून थंडावा हवा असतो. अख्ख्या घराची हवा त्या एका डक्टमधून जायला लागते आणि घर शांत झालेलं असताना नेमका तिथेच घोंगावणारा आवाज सुरू होतो.

हिशोब सोपा आहे. एका टनाला साधारण ४०० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा लागते, म्हणजे तीन टनांना १२००. बेडरूमच्या वाट्याची ३०० सीएफएम हवा आठ इंची गोल डक्टमधून नेली तर वेग मिनिटाला ८६० फूट होतो, आणि झोपायच्या खोलीसाठी तो आधीच जास्त आहे. मशीन कमी वेगावर येऊनही ६०० सीएफएम फेकत असेल, तर एकच झोन उघडा असताना हाच वेग १७०० च्या वर जातो. दहा इंची डक्टमध्ये ३०० सीएफएमला ५५० फूट वेग येतो, म्हणून बेडरूमला दहा इंचीच मागा. खोलीत हवा सोडणारी जाळी, म्हणजे ग्रील, २० बाय ८ इंचांपेक्षा लहान नको.

अशा वेळी मेकॅनिक आला की पहिलं वाक्य ठरलेलं: गॅस कमी आहे. गॅस भरायला होकार देण्याआधी दोन मिनिटांची तपासणी करा. चारही झोन उघडा. आवाज गेला तर तो हवेचा होता, गॅसचा त्याच्याशी संबंध नाही. नाही गेला तर बेडरूमचं दार उघडा. बहुतेक घरांत परतीची हवा पॅसेजमधल्या एकाच ग्रीलमधून मशीनकडे जाते. दार लावलं की खोलीतली ३०० सीएफएम हवा दाराखालच्या इंचभर फटीतून निघते आणि शीळ वाजते. दाराच्या वर किंवा भिंतीत आरपार जाणारी ग्रील बसवली की शीळ थांबते, खोलीही लवकर गार होते.

परतीची ग्रील हा या पॅकेजचा सगळ्यात कमकुवत भाग. २४ बाय १२ इंचांची ग्रील लावून मोकळे होतात, तिथे पट्ट्यांमधल्या मोकळ्या जागेत हवेचा वेग मिनिटाला ८५० फुटांच्या आसपास जातो. १२०० सीएफएमला २४ बाय ३० लागते. त्यात घर नवं असेल तर फरशी घासल्याची, पीओपीची आणि सिमेंटची धूळ पहिल्याच महिन्यात फिल्टरवर थर धरते. फिल्टर काढल्यावर आवाज उतरला तर फिल्टर धुवा, हवा गार करणारी आतली कॉइलही टॉर्चने बघा. रंगकाम चालू असताना मशीन चालवलं असेल तर कॉइल धुतल्याशिवाय सुटका नाही.

दाब मोजायला महागडं मीटरच हवं असं नाही. गवंडी लेव्हल काढायला वापरतो ती पारदर्शक नळी यूच्या आकारात भिंतीला चिकटवा, निम्मी पाण्याने भरा. एक टोक ब्लोअरनंतरच्या (ब्लोअर म्हणजे हवा ढकलणारा पंखा) डक्टला पाडलेल्या छोट्या भोकात घाला, दुसरं उघडं ठेवा. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत जितके मिलिमीटर फरक, तितका दाब. ब्लोअरआधीच्या बाजूला ओढ असते, ती तशीच मोजून यात मिळवा. बेरीज कंपनीच्या कागदावरच्या स्टॅटिकपेक्षा, म्हणजे ब्लोअरला पेलणाऱ्या डक्टमधल्या दाबापेक्षा, वर गेली की मशीन गुदमरतंय. सगळे झोन उघडे असताना आणि एकच उघडा असताना, अशी दोनदा मोजा. एका झोनवर पाणी झपकन चढलं तर डॅम्पर पूर्ण मिटतायत आणि ब्लोअर हळू होत नाही, हे समजावं.

यावर बरेच जण बायपास डॅम्पर सुचवतात, म्हणजे जादा हवा सरळ परतीच्या डक्टमध्ये वळवायची. आमचा याला विरोध आहे. आधीच गार झालेली हवा पुन्हा कॉइलवर येते, कॉइलवर बर्फ धरतो, कॉम्प्रेसरकडे रेफ्रिजरंट (एसीचा गॅस) द्रवरूपातच परतायची भीती असते. त्यापेक्षा बंद झोनचे डॅम्पर पूर्ण न मिटता थोडे उघडे राहतील असं सेटिंग करून घ्या, आणि उघड्या झोनच्या संख्येनुसार वेग कमी करणारा बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) ब्लोअर असेल तरच झोनिंग घ्या. हिवाळ्यात हॉट मोडवर एकच झोन चालवला की हीच अडचण उलटी येते: हवा कमी पडल्याने गॅसचा दाब चढतो आणि मशीन ट्रिप होतं.

बाकीचे आवाज वेगळ्या जातीचे. सुरू होताना धप्प आवाज आला तर पातळ पत्र्याचा डक्ट फुगतोय. त्याला बाहेरून पट्टी मारून घ्या. मशीन आणि डक्टमध्ये कॅनव्हासचा जोड नसेल तर थरथर सगळ्या घरात पोचते. गुडगुड येत असेल तर ड्रेनला ट्रॅप (पाणी अडवणारं यू-वळण) नाही, नळीतून हवा ओढली जातेय. मोड बदलताना काही सेकंद येणारा सूं आवाज रिव्हर्सिंग व्हॉल्व्हचा, त्याची काळजी नको.

गच्चीवरच्या युनिटचा घुमारा खाली येत असेल तर तांब्याच्या पाइपवर हात दाबून बघा. आवाज बदलला तर पाइप विटेला किंवा क्लॅम्पला टेकलाय. तिथे रबर घाला, आणि भिंतीतलं भोक सिमेंटने न बुजवता फोमने बुजवा. युनिट बेडरूमच्या स्लॅबच्या मधोमध नको, कॉलमच्या रेषेवर, जाड रबर पॅडवर ठेवा. शेजाऱ्याच्या खिडकीकडे तोंड करू नका. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे.

शेवटचा हप्ता देण्याआधी प्रत्येक ग्रीलची सीएफएम लिहिलेला कागद मागा. आणि चाचणी दुपारी चारही झोन लावून देतील ती मान्य करू नका. रात्री अकराला या म्हणावं, वरच्या बेडरूमचं दार लावून तेवढा एकच झोन अर्धा तास चालवून दाखवा.