गाण्यातून जर्मन: ऑडॅसिटी आणि अँकीची जोडी कितपत कामाची?

पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट असो की मॅक्स म्युलर भवन, जर्मनच्या वर्गात व्याकरण घोटून घेतलेलं असतं. गाडी अडते ती ऐकण्यात. गोएथे इन्स्टिट्यूटच्या ए-१ (पहिल्या पायरीच्या) परीक्षेत श्रवणाचा दुसरा भाग एकदाच ऐकवतात. मग जो तो सांगतो, गाणी ऐका. नुसती ऐकून चाल पाठ होते, शब्द नाहीत. ओळी कापून त्यांची उजळणीची कार्डं करायची असतील तर ऑडॅसिटी (आवाज कापण्या-जोडण्याचं सॉफ्टवेअर) आणि अँकी (कार्डं ठरावीक दिवसांनी परत समोर आणणारं सॉफ्टवेअर) ही जोडी हाताशी हवीच. दिसायला दोन्ही जुनाट, पण संगणकावर दोन्ही फुकट.

आधी ऑडॅसिटी. एमपी-थ्री फाईल सरळ उघडते. एम-फोर-ए उघडायला विंडोजवर एफएफएमपेग हे जोड-सॉफ्टवेअर वेगळं टाकावं लागतं, आणि ‘फाईल खराब आहे’ म्हणून बरेच जण इथेच सोडून देतात. गाणं भरभर असेल तर ‘चेंज टेम्पो’ने २० टक्के हळू करा. ‘चेंज स्पीड अँड पिच’ वापरलात तर सूरही उतरतो आणि गायिका घसा बसल्यासारखी गाते. ३० टक्क्यांपुढे गेलं की व्यंजनं फिसकटतात, तेव्हा हाव नको. वेग आधी बदला, ओळींच्या खुणा (लेबलं) नंतर करा. उलट केलंत तर खुणा ओळींवरून सरकण्याचा धोका असतो.

आता एक ओळ माउसने निवडा, झेड दाबा (कापल्या जागी ‘टक्’ असा आवाज येत नाही), मग कंट्रोल आणि बी दाबून तिथेच ओळ टाईप करा, हेच तिचं लेबल. ओळीच्या आधी साधारण ०.२ आणि नंतर ०.३ सेकंद मोकळे ठेवा. जर्मन शब्दाच्या शेवटचा ‘ट’ नेमका कापला जातो आणि क्रियापदाचं रूपच कळेनासं होतं. ध्रुवपदाला खूण एकदाच. तीच ओळ चार कार्डांवर आली तर उजळणी नुसती फुगते.

एक्स्पोर्ट करताना लेबलांनुसार अनेक फाईली हा पर्याय घ्या आणि नावासाठी ‘उपसर्ग व क्रमांक’ निवडा. लेबलच्याच नावाने काढलंत तर प्रश्नचिन्ह असलेल्या ओळींवर विंडोज अडून बसतं. उपसर्ग प्रत्येक गाण्याला वेगळा हवा. दोन्ही गाण्यांच्या फाईली ‘गाणं-०१’ झाल्या तर दुसरी पहिलीवर चढते आणि जुनी कार्डं भलतीच ओळ ऐकवतात.

लेबलं वेगळी एक्स्पोर्ट केली की टॅबने तोडलेली मजकूर फाईल मिळते: सुरुवात, शेवट, ओळ. ती लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये (एक्सेलसारखं सॉफ्टवेअर) उघडा, पहिले दोन स्तंभ काढा, त्या जागी चौकोनी कंसात ‘sound:’ आणि त्याला लागून कापलेल्या फाईलचं नाव भरा. जतन करताना यूटीएफ-८ ही अक्षरं साठवायची पद्धत निवडायला विसरलात तर टिंबवाल्या स्वरांचा कचरा होतो. कापलेल्या फाईली अँकीच्या मीडिया फोल्डरमध्ये थेट टाकायच्या, आत उपफोल्डर चालत नाही. मग जतन केलेली मजकूर फाईल अँकीत आयात करा, की ओळींची कार्डं होतात. ती होण्याआधी अँकीतलं ‘चेक मीडिया’ चालवू नका: कुठल्याच कार्डात नसलेल्या फाईली तो ‘बिनवापराच्या’ म्हणून दाखवतो. त्या पुसल्यात तर कापकाम पुन्हा करायची पाळी येऊ शकते.

कार्डाच्या पुढच्या बाजूला फक्त आवाज आणि टाईप करायची चौकट ठेवा. अँकी अक्षर न् अक्षर ताडून बघतो, स्वल्पविरामही सोडत नाही, म्हणून विरामचिन्हं आधीच काढून टाका. एफ-५ दाबलं की ओळ पुन्हा वाजते. परीक्षेचा सराव म्हणून दुसऱ्यांदा ऐकण्याचा मोह आवरा. रोज २० नवी कार्डं ही अँकीची मूळ मर्यादा गाण्यांसाठी फार होते, ५ पुरेत.

या पद्धतीची खरी खोट गाण्यातच आहे. कार्डं क्रमाने आली की मागच्या ओळीची चालच पुढची ओळ सुचवते, कानाला काही कष्ट पडत नाहीत. म्हणून नव्या कार्डांचा क्रम ‘रँडम’ करा आणि तीन-चार गाणी एकाच डेकमध्ये (कार्डांच्या गठ्ठ्यात) मिसळा. दुसरं, गाण्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भरवसा नाही. ‘मिटे’ म्हणजे मध्य आणि ‘मीटे’ म्हणजे भाडं. पण लांब सुरावर गायक दोन्ही सारखेच ओढतो. तिसरं, ‘आयनेन’चं ‘नेन’ आणि ‘आयने’चं ‘ने’ असं गिळलेलं असतं. ऐकायला ते शिकायलाच हवं, पण कार्डावर टीप म्हणून पूर्ण रूप लिहून ठेवा, नाहीतर निबंधात तेच उतरतं आणि गुण जातात. उच्चारासाठी प्रत्येक ओळ चाल सोडून, बोलल्यासारखी म्हणायची.

गाणं चालू असताना गाळलेला शब्द भरायला लावणाऱ्या तयार वेबसाईटही आहेत. वनाजहून मेट्रोत बसल्यावर वेळ छान जातो, पण चुकलेला शब्द चार दिवसांनी नेमका परत समोर आणायचं काम त्या अँकीइतक्या शिस्तीत करत नाहीत.

अँड्रॉइडवर अँकीड्रॉइड फुकट आहे. आयफोनवरच्या अधिकृत अॅपला पैसे पडतात, तेही थोडेथोडके नाहीत. तीन मिनिटांच्या गाण्याला, हात बसल्यावरही, तासभर धरून चाला. ए-१च्या पहिल्या महिन्यात मात्र या भानगडीत पडू नका. निम्म्या ओळी टाईपच करता येणार नाहीत. तोवर बालगीतं घ्या, ती संथ असतात आणि शब्द तोडून गातात. तयार डेक स्वतःपुरताच ठेवा, कारण गाणी कॉपीराइटची असतात.