सेल्फ वॉटरिंग हँगिंग कुंडी: मस्त आहे, पण रिपॉट केल्या केल्या (झाड नव्या कुंडीत हलवल्या हलवल्या) टाकी भरू नका

आईने दिलेल्या कटिंगपासून वाढवलेला मनी प्लांट, तीन वर्षांत वेल खिडकीतून पार जमिनीला टेकली आणि ४ इंची कुंडीच्या भोकांतून मुळं बाहेर यायला लागली म्हणून जूनमध्ये ही ६ इंची सेल्फ वॉटरिंग कुंडी मागवली. आत जाळीचं भांडं, खाली पाण्याची टाकी आणि मधे सुती वात, समईची वात तेल ओढते तसंच ही पाणी वर ओढते. प्लास्टिक जाड आहे, हूक मजबूत, ओल्या मातीचं वजन आरामात पेलतं.

तक्रार आहे ती सोबत आलेल्या कागदाबद्दल. त्यावर लिहिलंय झाड लावलं की टाकी पूर्ण भरा, आणि मी भरली. बाहेर पाऊस, ऊन नाही, मातीच्या मिक्समध्ये निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जे आधीच पाणी धरून बसतं, त्यात रिपॉट करताना बारीक मुळं तुटलेली, ती पाणी पिणार कशी, पण वात आपली ओढतच राहिली. दहाव्या दिवशी खालची पानं पिवळी पडली, मातीला कुबट वास. खूप वाईट वाटलं हो.

मग बाहेर काढून काळी मऊ पडलेली मुळं कापली, कोकोपीट कमी करून परलाइट (पाणी निथळावं म्हणून घालतात ते हलके पांढरे खडे) घातलं, वात काढूनच टाकली. वरून एकदा भरपूर पाणी, खालून निथळेपर्यंत, आणि नंतर बोट दोन पेरं खाली कोरडं लागेपर्यंत थेंबही नाही. त्या पावसात चक्क नऊ दिवस लागले! आणि एक, पहिल्या आठवड्यात पानं जरा मलूल दिसतात ना, ती तहानेने नाही, मुळं दुखावलेली असतात म्हणून. माती ओली असेल तर अजिबात पाणी घालू नका. खतही महिनाभर नको.

दीड महिन्याने शेंड्याला नवीन पान फुटलं तेव्हा वात परत लावली, टाकी अर्धीच भरली. दिवाळीत आठ दिवस गावी होतो, परत आलो तर वेल टवटवीत. त्यासाठी ४ स्टार नक्की.

फक्त पाणी भरायचं तोंड उघडं आहे, डेंग्यूच्या दिवसांत त्यावर मच्छरदाणीचा तुकडा रबराने बांधा आणि आठवड्याला टाकी ओतून, घासून मगच भरा.