बिस-ॲक्रिलचे आठ महिने: टिपेत अडकलेलं मटेरियल आणि मोडलेला कनेक्टर

तीन युनिटचा (तीन दातांचा) टेम्पररी, म्हणजे कायमचा येईपर्यंतचा, ब्रिज दुसऱ्याच आठवड्यात पॉन्टिक (गेलेल्या दाताच्या जागचा कृत्रिम दात) आणि प्रीमोलर (उपदाढ) यांच्या मधोमध मोडला, नाहीतर हा रिव्ह्यू निव्वळ कौतुकाचा झाला असता. तात्पुरते दात बनवायला पावडर-लिक्विड (पीएमएमए हे ॲक्रिलिक) बाजूला ठेवून कार्ट्रिजवाल्या बिस-ॲक्रिलवर, म्हणजे गनमधून दोन पेस्ट मिसळून येणाऱ्या रेझिनवर, आल्याला आठ महिने झाले. सिंगल क्राउनला (एका दाताच्या टोपीला) तक्रार नाही. ब्रिजला आहे. आणि सगळ्यात मोठी तक्रार आहे त्या मिक्सिंग टिपेबद्दल, म्हणजे पेस्ट मिसळणाऱ्या तोंडाच्या नळीबद्दल.

पुढच्या एका दाताला जेवढं मटेरियल लागतं, त्याच्या जवळपास जाणारं मटेरियल टिपेच्या मळसूत्रात अडकून कडक होतं. ते सरळ कचऱ्यात. शिवाय टिप चढवण्याआधी दोन्ही नळ्यांतून समान पेस्ट येतेय का हे बघायला वाटाण्याएवढं बाहेर काढायचं, तेही कचऱ्यात. हा दुसरा कचरा मात्र वाचवायला जाऊ नका. १०:१ च्या कार्ट्रिजमध्ये कॅटॅलिस्टची (घट्ट करणाऱ्या पेस्टची) बाजू बारीक असते. तिच्या तोंडाशी खडा धरला असेल तर गन दाबल्यावर पेस्ट नेहमीसारखी येते, दिसतेही नेहमीसारखी, फक्त तोंडात घट्ट होत नाही. मग दातावरून चिकट लगदा खरवडत बसा. काम झाल्यावर वापरलेली टिप कार्ट्रिजवरच राहू द्यायची, तेच झाकण. पुढच्या वेळी ती काढून, थोडं बाहेर काढून, मग नवी टिप.

पावडर-लिक्विडमध्ये ही उधळपट्टी नव्हती, डॅपन डिशमध्ये (छोट्या वाटीत) हवं तेवढंच कालवायचं. पण तिथला हिशेब वेगळा आहे. नुसतं मिथाइल मेथाक्रिलेट लिक्विड घट्ट होताना आकारमानात सुमारे २१% आकसतं. पावडर आणि लिक्विड ३:१ घेतलं तर हे प्रमाण ७% च्या आसपास येतं, आणि घाईत लिक्विड जास्त पडलं की मार्जिन (टोपीची दाताला टेकणारी कड) उघडं पडलंच. शिवाय उष्णता. झॅक आणि कोहेन यांनी १९६५ साली माकडांच्या दातांवर केलेल्या कामात पल्पचं (दातातल्या जिवंत गाभ्याचं) तापमान ५.५ अंश सेल्सियसने वाढलं तेव्हा सुमारे १५% दातांचा पल्प सावरला नाही. म्हणून पीएमएमए तोंडात पूर्ण घट्ट होईपर्यंत ठेवायचंच नाही. चमक गेली, बोटाला चिकटेनासं झालं की इंडेक्समध्ये (दात कोरण्याआधी घेतलेल्या ठशात) भरून बसवायचं, रबरासारखं लागलं की वर-खाली हलवत राहायचं, भरपूर पाणी मारायचं, आणि उरलेलं क्युरिंग कोमट पाण्यात, शक्यतो प्रेशर पॉटमध्ये (दाबाच्या भांड्यात). छिद्रं कमी पडतात, शिल्लक मोनोमरही (घट्ट न झालेलं लिक्विड) कमी राहतो. अल्जिनेटचा इंडेक्स ओला असल्यामुळे थोडी उष्णता खातो. पुट्टीत (कणकेसारख्या सिलिकॉनमध्ये) बारकावा जास्त येतो.

बिस-ॲक्रिल इथे निर्विवाद पुढे आहे. वास नाही, ताप कमी, आकसणंही कमी. फक्त घड्याळ पाळावं लागतं. टिपेचं टोक मटेरियलमध्येच बुडवून, चावण्याच्या पृष्ठभागापासून वर भरत यायचं, म्हणजे बुडबुडे राहत नाहीत. मिक्सिंग सुरू झाल्यापासून पाऊण मिनिटाच्या आत इंडेक्स तोंडात. साधारण दोन ते अडीच मिनिटांच्या दरम्यान, रबर अवस्थेत, बाहेर. उशीर झाला तर शेजारच्या दातांच्या अंडरकटमध्ये (फुगवट्याखालच्या खोबणीत) ते असं अडकतं की कापूनच काढावं लागतं, म्हणून ते अंडरकट आधीच मेणाने बुजवलेले बरे. ट्रेवर काढलेल्या नमुन्यावर विसंबू नका, तोंडातल्या उबेने आतलं मटेरियल त्याच्या आधी घट्ट होतं.

आता मोडलेला ब्रिज. पहिला निष्कर्ष सोपा होता: मटेरियल ठिसूळ, ब्रिजला नालायक. तो निम्मा मागे घेतो. तुकडे लूपखाली (भिंगाखाली) धरले तर तडा हिरडीकडच्या बाजूने, डिस्कने पाडलेल्या टोकदार खाचेतून सुरू झालेला दिसतो. चावताना ब्रिज वाकतो आणि ताण पडतो तो खालच्याच बाजूला. कनेक्टरची (दोन युनिट जोडणाऱ्या भागाची) ताकद त्याच्या उंचीच्या वर्गाने बदलते आणि ताठपणा घनाने. ४ मिमी उंचीचा कनेक्टर एम्ब्रेझर (दोन दातांमधली फट) ‘सुंदर’ करण्याच्या नादात ३ मिमी झाला, तर ताकद ५६% उरते आणि ताठपणा ४२%. रुंदी वाढवून ही भरपाई सहज होत नाही, कारण रुंदी ताकदीला सरळ प्रमाणातच मदत करते. तेव्हा इंडेक्समधले दोन दातांमधले पुट्टीचे पातळ पडदे ब्लेडने आधीच कापून टाकायचे, कनेक्टर आपोआप जाड येतो. नंतर डिस्कने खाच पाडायची नाही, गोल बरने (ड्रिलच्या टोकाने) खोलगट वळण द्यायचं, हिरडी साफ करायला जागा राहील एवढंच.

उरलेला निम्मा निष्कर्ष मात्र कायम. बिस-ॲक्रिल क्रॉस-लिंक्ड (आतल्या साखळ्या एकमेकींना बांधलेलं) आहे, त्यात काचेचा फिलर आहे. वाकवून तोडण्याच्या चाचणीत ते पीएमएमएपेक्षा सहसा सरस ठरतं, पण पीएमएमए मोडण्याआधी थोडं दबतं, वाकतं, हे वाकत नाही. लांब स्पॅन (आधाराच्या दातांमधलं अंतर), दातावर दात घासण्याची सवय, दोन-तीन महिने टिकवायचं काम असेल तर डबा परत पावडर-लिक्विडचाच उघडतो.

दुरुस्तीतही तोच फरक. पीएमएमएवर लिक्विड लावून ताजं मिश्रण चढवलं की जोड एकजीव होतो. बिस-ॲक्रिलवर लिक्विड लावून काही होत नाही. ताज्या तुकड्यावर फ्लोएबल कॉम्पोझिट (दात भरायचं पातळ रेझिन) छान धरतं. चार दिवस तोंडात राहिलेल्या तुकड्याला मात्र बरने खरबरीत करून, बॉन्ड लावून, मगच. मार्जिनचे बुडबुडे फ्लोएबलने भरणं ही खरी सोय, आणि तेवढ्यासाठी टिपेचा राग थोडा निवळतो.

बारीकसारीक: बाहेर काढल्यावर वरचा चिकट थर अल्कोहोलने पुसा, नाहीतर बर भरून येते आणि पॉलिश धुरकट राहतं. पॉलिश टाळलं तर चहा-कॉफीचे डाग बिस-ॲक्रिलवर लवकर चढतात. प्रेपवर (कोरलेल्या दातावर) ताजा कॉम्पोझिट कोअर (दाताच्या गेलेल्या भागाची बांधणी) असेल तर त्याचाही चिकट थर पुसून ग्लिसरीन लावाच. विसरलात तर टेम्पररी कोअरला कायमचं चिकटतं. युजेनॉल (लवंगेच्या तेलातला घटक) असलेलं सिमेंट दोन्ही मटेरियलना मऊ करतं आणि पुढे रेझिन सिमेंटलाही नडतं, म्हणून नॉन-युजेनॉल.

मिल केलेले (मशीनवर कोरलेले) पीएमएमए ब्लॉक कारखान्यात उष्णता आणि दाबाखाली घट्ट केलेले असतात, लांब मुदतीला या सगळ्यांहून चांगले. पण तातडीने, खुर्चीतल्या खुर्चीत करायचं काम ते नव्हे.

सध्याची वाटणी अशी: सिंगल आणि दोन युनिट कार्ट्रिजमधून, त्याच्या वर पावडर-लिक्विड. दोन क्राउन एकाच दाढेच्या रांगेत असतील तर ते एकाच इंडेक्समध्ये, एकाच टिपेत उरकायचे. तेवढीच एक टिप वाचते.