जर्मन पूर्वजांचे मूळ गाव शोधताना: आधी दप्तर की आधी नातेवाईक?

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गेलेल्या जर्मन कुटुंबाचा शोध बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडतो, आणि ते म्हणजे मूळ गावाचे नाव. संपूर्ण जर्मन साम्राज्यात सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १ जानेवारी १८७६ पासून लागू झाली. त्याआधीचा जन्म बहुधा चर्चच्या बाप्तिस्मा वहीतच सापडतो. पण ही वही कोणत्या गावची पाहायची, हे ठाऊक नसेल तर शोध पुढे सरकत नाही. ज्यांच्या हाती वेळ आणि पैसा मोजकाच आहे, त्यांनी सुरुवात दप्तरापासून, म्हणजे जुन्या नोंदी व कागदपत्रांपासून, करावी की घरातल्या वडीलधाऱ्यांपासून, हा निर्णय म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

अमेरिकी कागदपत्रे तारखांच्या बाबतीत भरवशाची असली, तरी गावाच्या बाबतीत बरीच मुकी आहेत. १८५० पासूनच्या जनगणनेत घरातील प्रत्येकाचे नाव येते आणि १९०० च्या जनगणनेत स्थलांतराचे वर्षही मिळते. जन्मस्थानाच्या रकान्यात मात्र बहुधा ‘प्रशिया’ किंवा ‘बव्हेरिया’ असे जर्मन राज्याचे नाव एवढेच लिहिलेले असते. जहाजांच्या याद्यांचे मोल पूर्वज कोणत्या बंदरातून निघाले यावर अवलंबून आहे. हॅम्बुर्गच्या १८५० ते १९३४ या काळातील याद्या मोठ्या प्रमाणात टिकल्या असून त्यांत प्रवाशाचे आधीचे राहण्याचे ठिकाण नोंदलेले असते. ब्रेमेनच्या एकोणिसाव्या शतकातील याद्या मात्र जवळपास सगळ्या नष्ट झाल्या आहेत, आणि तेथून निघालेल्यांची संख्या तर फार मोठी होती.

नातेवाइकांच्या आठवणींचे बलस्थान नेमके येथे आहे. गावाचे नाव पिढ्यांच्या तोंडी मोडतोड होऊन आलेले असते, तरी ते आलेले असते. जुन्या फोटोच्या पाठीवर स्टुडिओच्या नावाखाली जर्मनीतील एखादे शहर छापलेले आढळते. नावांचा उलगडाही घरातूनच होतो. अनेक घरांत सगळ्या मुलग्यांचा बाप्तिस्मा ‘योहान’ याच नावाने सुरू होई, एक योहान हाइनरिश, दुसरा योहान फ्रीडरिश, आणि हाक मात्र दुसऱ्या नावाने मारली जाई. आजी ज्यांना ‘हेन्री’ (हाइनरिशचे इंग्रजी रूप) म्हणते, ते वहीतील कोणते योहान, हे तिच्या एका शब्दाने कळू शकते.

आठवणींवर आंधळा विश्वास मात्र ठेवू नये. ‘आम्ही हॅम्बुर्गचे’ असे सांगणाऱ्या कुटुंबाच्या बाबतीत हॅम्बुर्ग हे केवळ जहाजात बसण्याचे ठिकाण असू शकते. न्यूयॉर्क बंदरातील एलिस बेटावर, म्हणजे स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रावर, अधिकाऱ्यांनी आडनाव बदलले, ही घरोघरी सांगितली जाणारी गोष्टही टिकत नाही, कारण तेथील अधिकारी जहाज कंपनीने आधीच तयार केलेल्या यादीवरून काम करीत. आडनावांचे इंग्रजी रूप पुष्कळदा कुटुंबांनी स्वतःच स्वीकारले, आणि १९१७ मध्ये अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरल्यावर उसळलेल्या जर्मनद्वेषाने अनेकांना तसे करणे भाग पाडले.

माझे मत स्पष्ट आहे: घरात ऐंशीच्या पुढचे कोणी असेल, तर आधी त्यांच्यापाशी बसावे, कारण दप्तर पुढच्या वर्षीही तेथेच असेल. त्यानंतर थेट जर्मनीकडे न वळता अमेरिकेतील ज्या जर्मन चर्चमध्ये कुटुंब जात असे, त्याच्या विवाह व दफनाच्या वह्या पाहाव्यात. तेथील पाद्री बरेचदा स्वतः जर्मन असत आणि मूळ गाव लिहून ठेवत. हॅम्बुर्गहून प्रवास झाल्याचे आधीच ठाऊक असेल, तरच हा क्रम उलटा करून जहाजाची यादी आधी काढावी.

वडीलधाऱ्यांना गावाइतकाच आग्रहाने कुटुंबाचा पंथ विचारावा. कॅथलिक असल्यास जर्मनीतील अनेक धर्मप्रांतांच्या वह्या मॅट्रिकुला या संकेतस्थळावर विनाशुल्क पाहता येतात, तर प्रोटेस्टंट वह्यांसाठी आर्किओन या संकेतस्थळाचे शुल्क भरावे लागते. पंथ आणि प्रांत दोन्ही निश्चित होईपर्यंत ते भरू नये.