मन्रोव्हिया की किन्शासा? साथीतून सावरणाऱ्या देशात संशोधनाला निघालेल्यांसाठी

माझ्या भाचीनं परळच्या एका रुग्णालयातून सूक्ष्मजीवशास्त्रात एमडी केलंय. इबोला या जीवघेण्या विषाणूच्या साथीतून सावरणाऱ्या देशात दोन-तीन वर्षं काम करायचं तिच्या मनात आहे. समोर दोन नावं आहेत, लायबेरियातलं मन्रोव्हिया आणि काँगोतलं किन्शासा. "मावशी, तूच सांग," म्हणाली. ठरवायचं तिनंच, मी दोन्ही ताटं वाढून ठेवतेय. मुंबईतल्या आणखी कुणा तरुण डॉक्टरला हाच प्रश्न पडला असेल, तर त्यानंही बसावं.

लायबेरियाची गोष्ट १९८२ पासून सांगावी लागते. त्या वर्षी युरोपातल्या संशोधकांना लायबेरियन लोकांच्या रक्तात इबोलाविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण, सापडली आणि हा देशही इबोलाच्या टापूत धरायला हवा, असं त्यांनी छापलं. रक्त लायबेरियाचं, निबंध युरोपात, आणि लेखकांत एकही लायबेरियन नाही. २०१४ मध्ये साथ दारात आली तेव्हा मन्रोव्हियातल्या आरोग्य अधिकाऱ्यांना त्या निबंधाचा पत्ताच नव्हता. तो वाचायचा तर ४५ डॉलर मोजावे लागत, म्हणजे तिथल्या डॉक्टरचा साधारण अर्ध्या आठवड्याचा पगार. पश्चिम आफ्रिकेत त्या साथीनं ११ हजारांहून जास्त माणसं नेली.

लायबेरियाचं आरोग्य मंत्रालय आणि अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य संस्था यांची 'प्रीव्हेल' ही भागीदारी या साथीतून जन्मली. फेब्रुवारी २०१५ मध्ये मन्रोव्हियाच्या रिडेम्प्शन रुग्णालयात लसीची चाचणी सुरू झाली. बेत सुमारे २७ हजार लोकांचा होता, पण साथ ओसरत गेली आणि १,५०० वर थांबावं लागलं. (साथ हटली म्हणून हळहळणारी जमात जगात एकच, आमची संशोधनवाल्यांची.) खरं काम त्यानंतर झालं. इबोलातून वाचलेले ९६६ जण आणि त्यांच्या संपर्कातले २,३५० जण यांचा पाठपुरावा झाला: डोळ्यांची जळजळ, सांधेदुखी, विस्मरण. ठरल्या तारखेला माणूस आला नाही तर त्याचं घर शोधत जायचं, समजूत काढायची, नोंद बिनचूक करायची. हे काम करता करता तिथल्या परिचारिका, तंत्रज्ञ आणि नोंदणी करणारी मुलं तयार झाली. क्षमता बांधणे हा शब्द मला आवडत नाही, पण तो वापरायचाच असेल तर इथं वापरावा.

दुसरी बाजूही सांगते. त्याच देशात अमेरिकेतल्या एका रक्तपेढीनं काही दशकं चिंपांझींवर कावीळीचं संशोधन केलं, नंतर त्या प्राण्यांना नदीतल्या बेटांवर ठेवलं आणि २०१५ मध्ये, साथ पुरती विझलेली नसतानाच, त्यांच्या अन्नपाण्याचा पैसा बंद केला. साठाहून जास्त चिंपांझी होते. परक्या पैशावर उभं राहिलेलं काम कसं संपू शकतं, हे करार वाचताना आठवायचं.

किन्शासाचं ताट वेगळं आहे. तिथली राष्ट्रीय जैववैद्यकीय संशोधन संस्था १९८४ पासूनची. तिचे प्रमुख डॉ. झाँ-झाक मुयेम्बे १९७६ मध्ये साथ लागलेल्या याम्बुकू गावी पोचले होते, इबोलाला इबोला हे नाव मिळण्याआधी. तेव्हा नमुने तपासायला बेल्जियमला गेले आणि श्रेयही बाहेरच्यांनाच मिळालं. नमुने काँगोतच तपासले जातील, असं मुयेम्बे यांनी पुढे ठरवून टाकलं. काँगोतल्याच किकविट शहरातल्या १९९५ च्या साथीतून वाचलेल्या माणसाच्या रक्तातल्या प्रतिपिंडांवरून एक औषध घडलं. ते आणि आणखी तीन औषधं २०१८-१९ मध्ये ६८१ रुग्णांवर तपासली गेली. दोन औषधांच्या गटांत मृत्यूचं प्रमाण ३५ टक्क्यांच्या आसपास आलं, उरलेल्या दोन गटांत ते ५० च्या घरात राहिलं. चाचणीच्या काळातच, फेब्रुवारी २०१९ मध्ये, पूर्व काँगोतल्या काटवा आणि बुटेम्बोच्या उपचार केंद्रांवर हल्ले झाले. घरच्यांना हे आधी सांगून ठेवायचं, बातमीतून कळायला नको.

आता दोन्ही शेजारी ठेवू. मन्रोव्हियात इंग्रजीवर भागतं. किन्शासात फ्रेंचशिवाय तू खोलीतली खुर्ची होशील, तेव्हा वर्षभर फ्रेंचच्या वर्गाचे पैसे आणि संध्याकाळी बाजूला काढाव्या लागतील. मन्रोव्हियातलं बरंचसं काम अमेरिकन निधीवर. किन्शासातही परदेशी पैसा आहेच, पण कुणाकडून काय घ्यायचं हे सांगणारा मुयेम्बेंसारखा म्हातारा घरातला आहे. शिकायचं असेल तर किन्शासा, यात मला शंका नाही.

नायजेरियातल्या एडे गावचं जनुकीय संशोधन केंद्र तिसरं म्हणता येईल. मार्च २०२० मध्ये आफ्रिकेतला कोरोनाचा पहिला जनुकक्रम तिथं वाचला गेला. पण तुला त्यांची गरज जास्त, त्यांना तुझी कमी.

यंत्रं किती आहेत हे विचारू नकोस. मी ज्या प्रयोगशाळेत नोकरी केली तिथं देणगीतलं यंत्र सात महिने चादरीखाली होतं, कारण रसायनं कुणी आणायची हे कागदावर नव्हतं. १८९६ च्या प्लेगात, प्लेगची लस शोधणारे हाफकिन मुंबईत आले तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजातली एक खोली, एक कारकून आणि तीन शिपाई एवढाच त्यांचा संसार होता. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसात आली. प्लेग ओसरला, हाफकिन गेले, संस्था राहिली, कारण तिथले पगार सरकारी तिजोरीतून होत होते.

तरी माझं मत मन्रोव्हियाला, कारण तू नुसती शिकायला नाही, काम करायला निघाली आहेस. किन्शासात तू दहावा हात असशील, मन्रोव्हियात तुझ्या हाताखाली शिकलेल्या दोघांनी फरक पडेल. पण सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी घे: नमुने कुणाच्या ताब्यात राहतील, निबंधावर तिथल्या सहकाऱ्यांची नावं असतील का, आणि निधी संपल्यावर तंत्रज्ञांचा पगार कोण देईल. तिसऱ्याचं उत्तर गुळमुळीत आलं, तर फ्रेंचच्या वर्गाला नाव घाल.

पिवळ्या तापाची लस दोन्हीकडे लागते, निघण्याच्या निदान दहा दिवस आधी. ते कार्ड पासपोर्टातच ठेव. परतताना ते सापडलं नाही, तर विमानतळावरून घरी येण्याऐवजी सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात बसशील, आणि डबा मलाच पाठवावा लागेल.