मंचावरचा कुत्रा की जागलीवरचा: आधी करामती शिकवाव्या की आवाजाची सवय लावावी?

दिवाळी झाली की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटकांचा हंगाम लागतो आणि नाटक कंपन्यांचं गाव वडसा गजबजून जातं. त्याच दिवसांत जागलीवर, म्हणजे वावराच्या रात्रीच्या राखणीत, रानडुकरं हाकलायला सुतळी बॉम्बही वाजू लागतात. घरी हुशार कुत्रा असला की प्रश्न पडतोच: याला मंचावर चालतील अशा करामती शिकवाव्या, की आधी आवाजाला सरावू द्यावं? दोन्ही कामं तुकडा देऊन होतात, म्हणून लोक ती एकच धरतात. गफलत तिथंच होते.

करामतीत तुकडा म्हणजे मजुरी. कुत्रा बसला की त्याच क्षणी जिभेनं 'टक' करायचं आणि कलेजीचा तुकडा द्यायचा. नाही बसला तर काही नाही. आवाजाच्या सरावात मात्र तुकडा फुकट. आवाज झाला की लगेच तुकडा, मग तो बसलेला असो, उभा असो की भुंकत असो. इथं काम शिकवायचं नसतं, मनातली भीती उतरवायची असते. बॉम्ब वाजल्यावर 'बस, बस' म्हणून खेकसायचं आणि वर तुकडाही रोखून धरायचा, यानं भीती वाढतेच. क्रमही सांभाळावा लागतो. दर वेळी तुकडा दाखवून मग आवाज केला, तर तुकडाच धोक्याची खूण ठरतो. आणि भ्यालेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर तो जास्तच भित्रा होतो, हा समज खोटा आहे. खुशाल जवळ घ्या.

वेळेचा हिशेब सरळ आहे. 'बस' काही दिवसांत येतं. आवाजाला आठवडे, कधी महिने लागतात, आणि मध्येच एखादा बॉम्ब जवळ फुटला तर चार पावलं मागे. पिल्लू असेल तर सोपं जातं. जन्मापासून 3 ते 12-14 आठवड्यांचा काळ नव्या गोष्टी पचवायला सगळ्यात चांगला.

सराव कसा करावा, यावर दोन मतं ऐकू येतात. एक, मोबाइलवर हळू आवाजात सुरुवात करा. हे बरोबर, पण अर्धंच. छोट्या स्पीकरमधून बॉम्बचा खर्ज आणि जमिनीचा हादरा येतच नाही. म्हणून पुढे पोराला डफडं देऊन दोन वावरं पलीकडे उभं करा. कुत्र्यानं कान टवकारले आणि लगेच तुकड्याकडे वळला, तर अंतर ठीक. ओठ चाटू लागला, उगाच जांभया देऊ लागला, शेपूट पोटाखाली गेली किंवा कलेजीलाही तोंड लावेना, तर पोराला आणखी मागे पाठवा. दुसरं मत, मंचाच्या स्पीकरच्या डब्याजवळ बांधून ठेवा, आपोआप सरावेल. हे मला अजिबात पटत नाही. पळता येत नाही म्हणून तो निपचित पडतो, लोक म्हणतात सरावला, आणि पुढच्या हंगामात दावं तोडून पळतो.

गंमत म्हणजे मंचाचा आवाज शेतातल्या आवाजापेक्षा शिकवायला सोपा. ऑक्टोपॅड, ऑर्गन, माइक ठरलेले असतात, तालमीत लांबून जवळ आणता येतात. वावरातला बॉम्ब रात्री कधी फुटेल, नेम नाही. मात्र मंचावर तुमची हाक कुत्र्याला नीट ऐकू जाणार नाही, म्हणून करामती हाताच्या खुणेवरच शिकवा.

माझं म्हणाल तर मंचाचा बेत असेल तरी आवाज आधी. जागलीच्या कुत्र्याला फक्त आवाजाची सवय पुरे, करामती पोरांच्या हौसेसाठी. म्हातारा कुत्रा अचानक आवाजाला भिऊ लागला, तर सराव सोडून आधी डॉक्टरला दाखवा. सांधेदुखीनंही असं होतं. एका रात्रीपुरतं औषध मागायचं असेल, तर भीती कमी करणारं मागा. नुसत्या गुंगीच्या औषधानं अंग ढिलं पडतं, भीती तशीच राहते. घरातली माणसांची गोळी तर देऊच नका.

आणि तिकीट लावून होणाऱ्या प्रयोगात कुत्रा उतरवायचा असेल, तर 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यानुसार नोंदणी लागते. हे काम भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडे आहे. नाटक कंपनीला होकार देण्याआधी नोंदणी कोण करणार, ते विचारून घ्या.